घरच्या घडातील केळी एकदम पिकू नयेत म्हणून

मावळ तालुक्यात केळी हे बागायती पीक म्हणून फारसे घेतले जात नाही. आपले मुख्य पीक भात. तथापि मोरीच्या सांडपाण्यावर, विहिरीच्या थारोळ्याजवळ किंवा परसाच्या कुंपणाला लागून केळीची दोन-तीन बेटे वाढलेली पुष्कळ घरी दिसतात. त्यांना वेगळे खत नाही, वेगळे पाणी नाही. तरीही वर्षाकाठी दोन-चार घड घराला मिळतात आणि ते फुकटचे म्हणून त्यांच्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही.

घड कापून माजघरात टेकवून ठेवला की काही दिवस तो हिरवाच राहतो. मग एका सकाळी वरच्या फणीतील दोन केळी पिवळी दिसतात आणि त्यानंतर तीन-चार दिवसांत सारा घड पिकतो. घरात माणसे पाच-सहा आणि केळी शंभराच्या आसपास. दोन दिवस शिकरण होते, शेजारीपाजारी फण्या जातात, आणि राहिलेली काळी पडू लागलेली केळी गुरांपुढे टाकली जातात. जे कुटुंब लोणावळा-खंडाळ्याच्या रस्त्यावर टोपली घेऊन बसते त्याचा तोटा याहून मोठा. तेथील गिऱ्हाईक शनिवार-रविवारी येते. केळी बुधवारी पिकली तर शनिवारपर्यंत ती विक्रीस योग्य राहत नाहीत, आणि नुकसान नको म्हणून गुरुवारी मिळेल त्या भावाने देऊन टाकावी लागतात. घड तोच आणि श्रमही तेच, परंतु तीन दिवसांच्या फरकाने पैसे निम्म्यावर येतात.

हे तीन दिवस, आणि थोडी काळजी घेतल्यास त्याहून अधिक दिवस, कोणताही खर्च न करता मिळविता येतात. मात्र त्यासाठी उपाय कोणत्या वेळी करावयाचा हे नीट समजले पाहिजे. बहुतेक घरी उपाय सुरू होतो तो केळी पिवळी दिसू लागल्यावर, आणि तेव्हा वेळ टळून गेलेली असते.

केळे पिकते म्हणजे काय होते

झाडावरून उतरविलेले केळे निर्जीव नसते. त्याचा श्वासोच्छ्वास चालूच असतो. ते हवेतील प्राणवायू घेते, कर्बद्विप्राणिद वायू सोडते आणि त्याबरोबर थोडी उष्णताही बाहेर टाकते. हिरव्या केळ्याच्या गरात सुमारे वीस टक्के पिष्ट असते. पिकताना या पिष्टाची साखर होते आणि पूर्ण पिकलेल्या फळात ते एक-दोन टक्क्यांवर येते. सालीतील हिरवा रंग नाहीसा होऊन खाली असलेला पिवळा रंग उघडा पडतो, गर मऊ होतो व वास सुटतो.

हा सर्व बदल सुरू करणारी किल्ली म्हणजे एथिलीन नावाचा वायू. १९०१ साली दिमित्री नेल्युबोव या रशियन शास्त्रज्ञाने असे दाखविले की, दिव्यासाठी जाळावयाच्या गॅसमध्ये असलेल्या एथिलीनमुळे प्रयोगशाळेतील वाटाण्याचे कोंब वाकडेतिकडे वाढतात. पुढे १९३४ साली इंग्लंडातील गेन या शास्त्रज्ञाने पिकणारे फळ स्वतःच हा वायू तयार करते हे सिद्ध केले. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचा एक भाग असला तरी हिरवे केळे पिकू लागण्यास तो पुरतो. आपल्या नाकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

केळ्याचे आयुष्य म्हणूनच दोन भागांत पडते. पहिल्या भागात ते हिरवे, कठीण व शांत असते. श्वसन मंद असते आणि एथिलीन जवळजवळ नसतेच. मग फळात हा वायू निर्माण होऊ लागतो, श्वसन अनेक पटींनी वाढते, आणि एकदा हे सुरू झाले की कोणत्याही घरगुती उपायाने ते थांबविता येत नाही. फार तर त्याची गती थोडी मंद करता येते. शिवाय एका केळ्यातून निघालेला वायू शेजारच्या केळ्याला लागतो, त्यातून निघालेला तिसऱ्याला. घडातील सर्व केळी एकदम का पिकतात याचे उत्तर येथे आहे.

तेव्हा लांबवावयाचा तो हिरवा काळ. ही एक गोष्ट ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरोघरी पटवून दिली तरी अर्धे काम झाले असे मी समजतो.

घड केव्हा व कसा कापावा

केळ निसवल्यापासून सर्वसाधारणपणे तीन ते चार महिन्यांत घड तयार होतो. थंडीत याहून अधिक काळ लागतो. कोवळ्या केळ्याचे कंगोरे धारदार असतात आणि फळ भरत जाते तसतसे ते गोलाई धरते. कंगोरे पूर्णपणे नाहीसे झालेले केळे कापल्यावर फार दिवस हिरवे राहत नाही. म्हणून घड टिकवावयाचा असेल तर कंगोऱ्यांची किंचित खूण शिल्लक असतानाच तो उतरवावा. मात्र फार कोवळा घड कापू नये. तो टिकतो खरा, परंतु पिकल्यावर त्याला गोडी येत नाही आणि साल सुरकुतते. झाडावरच पिकू द्यावा असेही काहींचे म्हणणे असते. तसे केल्यास साली फाटतात, वटवाघळे व पाखरे फळे फोडतात आणि आपल्या हाती उरलेसुरले लागते.

आपल्या भागातील एक अडचण निराळी आहे. आषाढातील वाऱ्यापावसाने केळीच मोडून पडतात आणि घड अवेळी घरात येतो. असा आपटलेला घड टिकविण्याची आशा धरू नये. फळाला खरचटले, चेपले किंवा कापले गेले की त्या जखमेमुळेच एथिलीन अधिक निर्माण होते. पडलेल्या घडातील फुटकी, चेपलेली केळी त्याच दिवशी वेगळी काढून भाजीसाठी किंवा काचऱ्या तळण्यासाठी वापरावीत, आणि शाबूत फण्याच तेवढ्या साठवणीस ठेवाव्यात. शक्य तर निसवलेल्या केळीला जूनपूर्वीच दोन बांबूंची कैची करून आधार द्यावा.

घड कापताना दोन माणसे असावीत. एकाने घड खांद्यावर झेलावा, दुसऱ्याने दांडा कापावा. तो जमिनीवर आपटू देऊ नये आणि थेट मातीवरही ठेवू नये. खाली केळीचीच पाने अंथरावीत. सकाळच्या गारव्यात कापणी करावी, कारण दुपारी तापलेला घड घरात आणला तर त्याच्या पोटातील उष्णता निघण्यास रात्र उलटते.

घड फोडणे

सबंध घड टांगून ठेवण्याची आपल्याकडे चाल आहे. टांगणे चांगलेच, कारण त्याने फळे चेपत नाहीत व चहूबाजूंनी वारा लागतो. परंतु शंभर केळी एका दांड्याला एकमेकांशी खेटून राहिली तर एक पिकताच सर्वांना वायू लागणार. शिवाय घडातील सर्व फण्या सारख्या वयाच्या नसतात. दांड्याच्या बुडाकडील, म्हणजे टांगलेल्या घडातील सर्वांत वरच्या, फण्या आधी आलेल्या असतात आणि म्हणून आधी पिकतात. केळफुलाकडील खालच्या फण्या धाकट्या. निसर्गाने केलेली ही वाटणी आपण वापरून घ्यावी.

घड घरी आणल्यावर धारदार, स्वच्छ कोयत्याने किंवा सुरीने फण्या एकेक करून उतरवाव्यात. प्रत्येक फणीला दांड्याचा थोडा भाग राहू द्यावा व काप एकाच हाताने सरळ द्यावा. पिळून फणी तोडू नये, कारण तुटलेल्या जागी प्रथम बुरशी धरते. कापातून निघणारा चीक सालीवर वाळला की काळे डाग पडतात आणि विक्रीत भाव जातो. (कपड्यांवरचे डाग तर जन्मभर राहतात हे घरातील स्त्रियांना सांगावयास नको.) याकरिता बादलीभर पाण्यात तुरटीचा खडा चार-सहा वेळा फिरवावा आणि त्या पाण्यात फण्या धुवून काढाव्यात. चीक साकळून खाली बसतो. मग फण्या सावलीत पूर्ण कोरड्या होईपर्यंत पसराव्यात. कापाचे तोंड ओले असताना साठवण करू नये.

यानंतर फण्यांची वयाप्रमाणे वर्गवारी करावी. वरच्या दोन-तीन फण्या प्रथम खाण्यासाठी किंवा विक्रीसाठी एका ठिकाणी, मधल्या दुसऱ्या ठिकाणी आणि खालच्या तिसऱ्या ठिकाणी ठेवाव्यात. ही ठिकाणे एकाच खोलीचे तीन कोपरे असून भागणार नाही. एक पडवीत, एक माजघरात, एक पोटमाळ्याखाली, अशी हवा वेगळी असली पाहिजे. पोटमाळ्यावर मात्र ठेवू नये, कारण पत्र्याखालची किंवा कौलांखालची ती जागा दुपारी भट्टीसारखी तापते.

कोरड्या ऋतूत आणखी एक युक्ती करता येते. घड झाडावरच ठेवून वरच्या फण्या आधी उतरवाव्यात आणि खालच्या आणखी आठ-दहा दिवस तशाच राहू द्याव्यात. कापातील चीक खालच्या फळांवर गळू नये म्हणून मध्ये केळीचे पान सारावे. पावसाळ्यात हे करू नये, कारण कापलेल्या जागेतून दांडा कुजतो.

ठेवण्याची जागा

फण्या दोरीने दांडीला टांगाव्यात, किंवा जागा नसल्यास भाताच्या कोरड्या पेंढ्यावर एकाच थरात पालथ्या मांडाव्यात. दोन फण्यांमध्ये हात जाईल एवढे अंतर असावे. जागा सावलीची, वारा खेळती व चुलीपासून दूर असावी. चुलीचा धूर ही दुहेरी आपत्ती आहे. तेथे उष्णता असते आणि धुरातही एथिलीन असते. धूर देऊन केळी पिकविण्याची जुनी रीत यावरच उभी आहे.

पिकलेले आंबे, पपई, टोमॅटो, सफरचंद यांच्याजवळ हिरवी केळी कधीही ठेवू नयेत. पुष्कळ घरी फळांची म्हणून एकच टोपली असते आणि सर्व फळे तीतच जातात. केळ्यांसाठी निराळी दांडी केली तर एवढ्यानेच दोन-तीन दिवसांचा फरक दिसून येईल. रोज सकाळी फण्यांवरून नजर फिरवावी आणि जे केळे पिवळे होऊ लागले असेल ते त्याच क्षणी काढून दुसऱ्या खोलीत न्यावे. या एका सवयीने बाकीच्यांचे जेवढे रक्षण होते तेवढे दुसऱ्या कशानेही होत नाही.

फणीच्या देठाला प्लास्टिकचा कागद गुंडाळावा असा एक उपाय हल्ली सांगितला जातो. एथिलीन काही एकट्या देठातून निघत नाही, सर्व फळातून निघते. तेव्हा त्यावर फार विसंबून राहू नये. लोणावळ्याच्या दमट हवेत तर गुंडाळलेला देठ घाम धरतो आणि तेथूनच कुजण्यास आरंभ होतो.

कार्ले-भाजे व खंडाळ्याच्या बाजूस पडवीत फण्या टांगणाऱ्यांनी वानरांचा विचार आधी करावा. तेथे माझा सल्ला वायूविषयी नसून जाळीच्या दाराविषयी असतो.

ऋतूप्रमाणे बदल

हिरवे केळे १३ ते १४ अंश सेंटिग्रेड तापमानात सर्वांत अधिक टिकते. शीतगृहांतून हेच तापमान ठेवतात व तेथे केळी तीन-चार आठवडे हिरवी राहतात. घरात आपणास ते साधणार नाही. परंतु प्रत्येक अंश खाली आला तर लाभच आहे, कारण तापमान दहा अंशांनी वाढले की फळाचे श्वसन दुपटीने किंवा त्याहूनही अधिक वाढते.

मार्च ते मे या महिन्यांत वडगाव, तळेगाव, कामशेत या पट्ट्यात हवा कोरडी व उष्ण असते. तेव्हा पाण्याच्या बाष्पीभवनाने गारवा आणता येतो. नवी दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेने विटांचा एक शीतकक्ष प्रचारात आणला आहे. त्यात विटांच्या दोन भिंतींमध्ये सुमारे साडेसात सेंटिमीटर पोकळी ठेवून तीत वाळू भरतात आणि ती सकाळ-संध्याकाळ भिजवितात. विजेची गरज लागत नाही. एका घडासाठी एवढे बांधकाम नको असेल तर मोठ्या मातीच्या कुंडीत लहान कुंडी ठेवावी, मधल्या जागेत ओली वाळू भरावी, आत फण्या ठेवून वर ओले गोणपाट घालावे. ते दिवसातून दोनदा काही वेळ काढून ठेवावे, म्हणजे आत साठलेला वायू निघून जाईल.

हाच उपाय पावसाळ्यात करू नये. लोणावळ्यास वर्षाला ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवा पाण्याने इतकी भरलेली असते की बाष्पीभवन होतच नाही. मग गारवा मिळत नाही, ओल मात्र राहते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी ही चूक केली आहे. उन्हाळ्यात ओल्या गोणपाटाचा गुण पाहून मी ऐन जुलैत पवन मावळातील एका कुटुंबास तोच सल्ला दिला. चौथ्या दिवशी गेलो तो फण्यांचे सांधे काळे पडून त्यांवर पांढरी बुरशी आलेली. त्या घरच्या आजीबाई एवढेच म्हणाल्या, ‘‘साहेब, पावसात आम्ही गोणपाट वाळवायला जागा शोधतो, तुम्ही भिजवायला सांगितलंत.’’ पावसाळ्यात उष्णतेपेक्षा ओलीचे भय मोठे. फण्या टांगलेल्याच असाव्यात, भिंतीला टेकू नयेत, आणि कापांचे तोंड रोज पाहावे.

थंडीत याउलट. डिसेंबर-जानेवारीत पहाटे आपल्याकडे तापमान १२ अंशांच्याही खाली उतरते. अशा थंडीत उघड्या पडवीत राहिलेल्या हिरव्या केळ्याची साल करडी पडते आणि पुढे ते नीट पिकतच नाही. रात्री फण्या आत घ्याव्यात किंवा वर कोरडे पोते टाकावे. हिरवी केळी शीतकपाटात ठेवण्यानेही हेच नुकसान होते. पूर्ण पिकलेली केळी मात्र शीतकपाटात ठेवण्यास हरकत नाही. त्यांची साल काळी पडेल, परंतु गर आणखी काही दिवस चांगला राहील. साल काळी दिसली म्हणून ती फेकून देऊ नयेत. अर्थात अशी केळी विक्रीस चालणार नाहीत.

१९७० साली ऑस्ट्रेलियात झालेल्या प्रयोगांत असे आढळून आले की, हिरवी केळी पॉलिथीनच्या पिशवीत बंद करून आत पोटॅशियम परमँगनेट ठेवल्यास ते एथिलीन शोषून घेते आणि केळी बरेच दिवस हिरवी राहतात. जांभळा रंग जाऊन तपकिरी झाला की त्याचे काम संपले असे समजावे. हे द्रव्य विषारी असून हातांना डाग पाडते. मुलाबाळांच्या घरात त्याची शिफारस मी करणार नाही. एकत्र माल साठविणाऱ्या गटांनी मात्र जाणकाराच्या देखरेखीखाली तो प्रयोग करून पाहण्यास हरकत नाही.

ठराविक दिवशी पिकलेली केळी हवी असल्यास

चैत्रात कार्ल्याची एकवीरेची यात्रा, पुढे श्रावणातले उपवास आणि मग गणपती, अशा वेळी पिकलेल्या केळ्यांना मागणी असते. हिरवी केळी राखून ठेवलेली असली तर तीच किल्ली आता उलटी फिरविता येते. लागतील तेवढ्याच फण्या एका झाकणाच्या डब्यात किंवा पिंपात घ्याव्यात, त्यांच्यात दोन-तीन पूर्ण पिकलेली केळी किंवा टोमॅटो ठेवावेत आणि झाकण लावून २४ तास ठेवावे. मग झाकण काढावे. आत साठलेला कर्बद्विप्राणिद वायू पिकण्यास अडथळा करतो, म्हणून याहून अधिक काळ डबा बंद ठेवण्यात लाभ नाही. त्यानंतर हवेच्या मानाने साधारणतः चार ते सहा दिवसांत केळी खाण्याजोगी होतात. शनिवारच्या विक्रीसाठी डबा सोमवारी भरावा, थंडीत रविवारी.

उन्हाळ्यात हे काम घरातील सर्वांत गार जागी करावे. तापमान ३० अंशांच्या वर गेले तर गर मऊ होतो आणि साल मात्र हिरवटच राहते. असे केळे पाहून गिऱ्हाईक ते कार्बाइडने पिकविले असावे असा संशय घेते आणि विकणाऱ्याला नाहक बोल लागतो.

कार्बाइडचा वापर मात्र खरोखरच कोणी करू नये. कॅल्शियम कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरस यांची विषारी भेसळ असते. त्यातून निघणारा अ‍ॅसिटिलीन वायू पेट घेणारा आहे. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या विनियमांनुसार फळे पिकविण्यासाठी त्याचा वापर करण्यास मनाई आहे. व्यापारी वखारींना नियंत्रित प्रमाणात एथिलीन वायू वापरण्याची मुभा आहे. त्याची मर्यादा दहा लाख भागांत शंभर भाग अशी २०१६ साली ठरविण्यात आली. बाजारातून आणलेली केळी बहुधा अशा वखारीतून आलेली असतात, म्हणजे त्यांचे पिकणे आधीच सुरू झालेले असते. ती गार जागी सुटी टांगून एखाद-दुसरा दिवस मिळेल, त्याहून अधिक नाही.

गावात दाखवावयाचे प्रात्यक्षिक

कार्यकर्त्यांनी एकाच घडातील शेजारशेजारच्या तीन फण्या घ्याव्यात. पहिली झाकणाच्या डब्यात पिकलेल्या टोमॅटोबरोबर ठेवावी. दुसरी चुलीजवळच्या खुंटीला आणि तिसरी वारा लागणाऱ्या गार पडवीत टांगावी. पहिल्या फणीचा डबा २४ तासांनी उघडावा. प्रत्येक फणीला सुतळीने चिठ्ठी बांधून तीवर कापणीची तारीख लिहावी. प्रथम रंग केव्हा बदलला आणि सर्व फणी पिवळी केव्हा झाली या दोन तारखा घरातील शाळकरी मुलाकडून त्याच चिठ्ठीवर लिहवून घ्याव्यात. हे प्रात्यक्षिक एकदा एप्रिलमध्ये आणि एकदा ऑगस्टमध्ये, त्याच घरी करावे. फण्या घरमालकिणीच्या ताब्यात असाव्यात आणि पिकलेली केळी त्याच घरी राहू द्यावीत, म्हणजे पुढच्या घडाच्या वेळी कार्यकर्त्यास बोलावणे येईल.